खिळ्याला बक्षीस का नाही?

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस एकही नाही, पण हसू भरपूर आहे. तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर रांगेने मांडलेले जबडे. कुठे पांढऱ्या प्लास्टरचे, कुठे पिवळट, काही नुसत्याच हिरड्या, काही दातांसकट, आणि सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून बसलेले. डावीकडे कामाचं टेबल. त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, मेण कोरायची बारीक सुरी, प्लास्टर कालवायच्या रबरी वाट्या आणि कवळी नीट मिटते की नाही ते पाहण्याचं एक पितळी यंत्र. ते बिजागरीवर उघडझाप करतं तेव्हा कोणीतरी बिनआवाजाचं भांडतंय असं वाटतं. उजवीकडे पॉलिशचं चाक. आणि मागे कोपऱ्यात, जिथे मी कामं करायचो त्या नाटकांत टेलिफोन नाहीतर तिजोरी असायची, तिथे एक जुना संगणक, प्लास्टरची धूळ बसू नये म्हणून टॉवेल पांघरून बसलेला.

आतल्या दारातून दातवाले प्रवेश करतात. बुटके, रुंद, भुवयांवर कायम पांढरी झाक. मेकअपवाल्याला यांच्यावर काही कामच उरलं नसतं. डॉक्टर लोक तोंडाचा साचा घेऊन पाठवतात आणि त्यावरून कवळी घडवतात ते दातवाले. अर्ध्या शहराच्या तोंडी त्यांचं काम आहे, माझ्याही आहे. रस्त्याने एखादी बाई हसत समोरून आली की ते तिच्या वरच्या ओळीकडे टक लावून बघतात आणि पुटपुटतात, "झकास बसलीय." संसाराच्या सुरुवातीला यावरून त्यांच्या घरी बरेच खटके उडाले होते म्हणे.

हे काम ते मामाच्या हाताखाली शिकले, पण न्यायाची खाज मात्र उपजत. स्वतःवर अन्याय झाला तर एक वेळ गप्प बसतील, दुसऱ्यावर झालेला त्यांना पचत नाही. मुलगी शाळेत असताना पोत्याच्या शर्यतीत तिचा पहिला नंबर आला होता. हे गृहस्थ बक्षीस समारंभ थांबवून पंचांशी भांडले की शेवटून दुसऱ्या आलेल्या पोराचं पोतं फाटकं होतं, त्यामुळे निकाल रद्द करा. मुलगी कप हातात घेऊन उभी, आणि बाप म्हणतोय कप परत द्या. तिने तो दिला नाही. अजून तिच्या घरी आहे, आणि बाबा आले की ती तो मुद्दाम पुसत बसते.

फुटबॉलशी त्यांचा संबंध म्हणाल तर आयुष्यात एकदाच चेंडूला लाथ मारली होती, तीही तो खिडकीतून येऊन ओल्या प्लास्टरवर पडला म्हणून. मग या सगळ्यात फुटबॉल आला कुठून? जावयाकडून. दातवाल्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, ते घरी बसले आणि घरच्यांना सळो की पळो करून सोडू लागले. तेव्हा जावयाने आपला जुना संगणक आणून दिला आणि त्यात फुटबॉलचा संघ चालवायचा एक खेळ घालून दिला. यात आपण चेंडू मारायचाच नसतो. आपण मॅनेजर. खेळाडू घ्यायचे, विकायचे, कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवायचं, आणि मग पडद्यावर ते धावायला लागले की बाहेर बसून आरडाओरडा करायचा. दातवाल्यांना आरडाओरड्याचा भाग ताबडतोब जमला.

त्याआधी सासरे-जावयांचं संभाषण म्हणजे "कसं काय?" "बरंय. तुमचं?" "बरंय." आणि मग दोघं पंख्याकडे बघत बसायचे. मुलगी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची आणि कपाळाला हात लावायची. आता रविवारी जावई आपला संगणक घेऊन येऊ लागला. एकाच स्पर्धेत त्याचा एक संघ, सासऱ्यांचा एक. वहिनींनी, म्हणजे दातवाल्यांच्या पत्नीने, आधी नाक मुरडलं. मग एका रविवारी नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून त्यांनी बाजारात भाजीची घासाघीस करावी तसा एक पोरगा स्वस्तात पदरात पाडून घेतला. तेव्हापासून संघाची खरेदी-विक्री त्यांच्याकडे. मीही कवळी घासून घेण्याच्या निमित्ताने जाऊन बसू लागलो. असं थिएटर फुकटात सोडायचं कोणी?

खेळाडूंना संगणकाने दिलेली नावं कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून टोपणनावं पडली. जावयाच्या संघात गोल मारणारा एक देखणा गडी होता, तो राजपुत्र. वहिनींनी घासाघीस करून घेतलेला पोरगा सारखा गिरक्या घ्यायचा आणि धक्का लागला की कोलमडायचा, ती भिंगरी. आणि दातवाल्यांचा लाडका, उजव्या बाजूचा बचावपटू, त्याचं नाव खिळा. एकदा ठोकला की जागचा हलत नाही. खेळातल्या वयाच्या सोळाव्या वर्षी दातवाल्यांनी त्याला संघात घेतलं, आणि आता खेळातल्या हिशेबाने त्याचे केस पिकले होते.

भांडणाचं मूळ असं की मोसम संपला की खेळ स्वतःच जाहीर करतो, यंदाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू कोण. आणि दर मोसमात नाव यायचं राजपुत्राचं.

"हे ठरवतं कोण?" दातवाले विचारायचे.

"पत्रकार मतं देतात, बाबा. खेळातले."

"मग ते सामने बघतात की झोपा काढतात?"

"ते नाहीतच, बाबा. खेळाने मनाने बनवलेत ते. प्रत्येक सामन्यात खेळाडूला दहापैकी गुण मिळतात, गोल केला की जास्त, त्यावरून साधारण ठरतं."

"म्हणजे जे नाहीतच ते न बघता मतं देतात, आणि माझ्या खिळ्याला घरी बसवतात! खिळ्याने सगळा मोसम दार लावून धरलं त्याचे गुण कुठायत?"

"दार लावून धरणाऱ्याला पगार मिळतो," वहिनी म्हणायच्या, "हार दारातून आत येणाऱ्याला घालतात."

मला यावर हसू यायचं आणि थोडं गलबलूनही यायचं. आमच्या नाट्यस्पर्धांमध्ये खोकत खोकत मरणाऱ्या नटाला हमखास पहिलं बक्षीस मिळे. माझा एक मित्र अशा मरणाऱ्यांच्या उशाशी पाण्याचा पेला धरून बसण्यात पटाईत होता. तो असा बसायचा की लोकांची नजर पेल्यावरून घसरत बरोबर मरणाऱ्याच्या चेहऱ्यावर जायची. त्याच्या पेल्यावर किती जणांनी पदकं मिळवली, देव जाणे. त्याला कोणी कधी विचारलं नाही, आणि तो स्वतः तर दुसऱ्याच्या पदकावर सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवायचा. हे मी दातवाल्यांना सांगितलं आणि चूक केली. ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "बघा! नटवर्यसुद्धा माझ्या बाजूने आहेत!"

मग एका रविवारी पडद्यावर बातमी झळकली की या मोसमानंतर खिळा निवृत्त होणार. दातवाले हातातली मेणाची पट्टी तशीच धरून उभे राहिले. ती दिव्यावर वितळून त्यांच्या चपलेवर ठिबकली तरी त्यांना पत्ता नव्हता.

"म्हणजे हा शेवटचा मोसम," ते म्हणाले. "यंदा त्याला बक्षीस मिळालं नाही, तर हा टॉवेल मी या डबड्यावर टाकीन तो परत उचलायचा नाही. अन्याय करणारी वस्तू मला घरात नको."

घरातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दातवाल्यांचा शब्द म्हणजे शब्द. एका दुकानात कोण्या म्हातारीला रांगेत मागे ढकललं म्हणून त्या दुकानाची पायरी ते वर्षानुवर्षं चढले नव्हते, आणि ती म्हातारी मात्र तिथेच जात होती. टॉवेल पडला तर रविवार गेला, आणि सासरे-जावई पुन्हा पंख्याखाली.

दातवाल्यांनी मात्र एक शक्कल काढली. पत्रकारांना गोल दिसतात ना? मग खिळा गोल करील. त्यांनी फर्मान सोडलं की आपल्या संघाला मिळालेली प्रत्येक पेनल्टी, म्हणजे गोलासमोर आपला माणूस पाडला की मिळणारा मोकळा फटका, खिळ्याने मारायची. आणि पेनल्ट्या मिळवून द्यायला भिंगरी होतीच. समोरच्याचा वारा लागला तरी ती गोलासमोर आडवी.

वहिनी खवळल्या. "मार खायचा माझ्या पोराने, आणि चेंडू उचलून द्यायचा त्या आजोबांना? ही कुठली रीत?"

"तुझा पोरगा पडतो कुठे, लोळतो!"

"लोळतो तर लोळतो, कमावून आणतो ना!"

पहिली पेनल्टी आत गेली. दातवाल्यांनी जबड्यांच्या फळीकडे वळून वाकून अभिवादन केलं. दुसरी गेली खांबावर. तिसरी गोलरक्षकाच्या हातात, चौथी प्रेक्षकांत. आयुष्यभर चेंडू अडवणाऱ्या माणसाला चेंडू घालायला सांगितलं होतं, तो तरी काय करील? पण दातवाले हट्टाला पेटले. "नर्व्हस झालाय तो. सवय होईल." सवय झाली नाही. संघ घसरत घसरत गुणतक्त्याच्या तळाला टेकला, वहिनी नवऱ्याशी फक्त दारातून बोलू लागल्या, आणि जावई बिचारा स्वतः जिंकत असूनही खालमानेने बसू लागला.

मोसम संपला. रविवारी दुपारी आम्ही सगळे कोपऱ्यात गोळा झालो. दातवाल्यांनी भुवया पुसून घेतल्या होत्या. पडद्यावर निकाल आला. पहिला राजपुत्र. दुसरी भिंगरी. तिसरा कुठल्याशा संघाचा कोणी उपटसुंभ. खिळ्याचं नावच नाही.

"असं कसं?" दातवाले म्हणाले. "गोल केले ना त्याने!"

जावयाने दोन-चार बटणं दाबली आणि मग जे बोलायला नको होतं ते बोलून गेला. "बाबा, पेनल्टी हुकली की गुण कापतात. त्याचे बचावाचे गुण यंदा खूपच चांगले होते. तुम्ही त्याला पेनल्ट्या मारायला लावल्या नसत्या, तर तो... निदान तिसरा तरी आला असता."

दातवाल्यांनी टॉवेल उचलला, झटकला आणि संगणकावर पांघरला. मग पॉलिशचं चाक सुरू करून ते कोणाची तरी कवळी इतकी घासत बसले की त्या माणसाला आरशाची गरजच पडली नसेल.

पुढच्या रविवारी जावई आला, संगणक न घेता.

"कसं काय?"

"बरंय. तुमचं?"

"बरंय."

पंखा फिरत होता. आणि मुलगी पदर खोचून बाहेर आली. ती आईवर गेलेली, तिला ताटकळणं जमत नाही.

"बाबा, खेळातले पत्रकार अन्याय करतात ना? मग आपण खरीखुरी माणसं आहोत, आपण मतं देऊ. तुम्ही, आई, हे आणि मी. गुपचूप. जो निवडून येईल तो या घरातला सर्वोत्कृष्ट खेळाडू. मान्य?"

दातवाल्यांचे डोळे लकाकले. न्याय म्हटलं की त्यांना राहवत नाही. "मान्य! पण कागद नको, अक्षरं ओळखता येतात." ते उठले आणि नकली दातांचा डबा घेऊन आले. प्रत्येकाच्या हातावर त्यांनी तीन दात ठेवले, एक सुळा, एक पुढचा दात आणि एक दाढ. "सुळा म्हणजे राजपुत्र, टोकदार, दिखाऊ. पुढचा दात म्हणजे भिंगरी, धक्का लागला की हलतो. आणि दाढ म्हणजे खिळा. हसताना कोणाला दिसत नाही, पण तिच्यावाचून एक घास खाऊन दाखवा! ज्याला मत द्यायचं त्याचा दात या वाटीत टाका. उरलेले आपल्या मुठीत."

"आणि हा प्रचार नव्हे वाटतं?" वहिनी म्हणाल्या.

"ही माहिती आहे."

मोजणीला माझी नेमणूक झाली. रबरी वाटी पॉलिशच्या चाकामागे ठेवली. एकेकाने जायचं, पाठ करून दात टाकायचा, परत यायचं. वहिनी गेल्या आणि झटकन आल्या. मुलगी गेली. जावई जरा रेंगाळला. शेवटी दातवाले गेले, नाटकातला राजा सिंहासनाकडे जातो तसे. तिथे बराच वेळ उभे राहिले आणि परत आले ते मूठ पाठीमागे धरून.

मी वाटी उचलली आणि दात टेबलावर ओतले. दोन सुळे, एक पुढचा दात, एक दाढ.

"राजपुत्र विजयी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दातवाले लालबुंद झाले. "एकच दाढ? एकच? हा घातपात आहे! कोण तो दगाबाज, समोर या!"

"ओरडू नका," वहिनी म्हणाल्या. "मी भिंगरीला दिलं. मला वाटलं तुम्ही तिघं त्या आजोबांना देणारच, माझ्या पोराला निदान एक तरी मत पडू दे. हे बघा." त्यांनी तळहात उघडला. सुळा आणि दाढ.

"आणि तू?"

मुलीने मूठ उघडली. तिच्याकडे पुढचा दात आणि दाढ. "मला वाटलं तुम्ही तिघं आहातच. आणि बाबा, मला संध्याकाळी यांच्याबरोबर घरी जायचंय."

"एक सुळा हिचा. दुसरा कोणाचा?" दातवाले जावयाकडे वळले. "जावईबापू, तुमचा हक्कच आहे म्हणा. आपल्या माणसाला आपण—"

जावयाने हात पुढे केला. त्याच्या तळहातावर सुळा होता आणि पुढचा दात होता. दाढ नव्हती.

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू दातवाल्यांच्या पाठीमागच्या हाताकडे वळल्या. भिंतींवरचे जबडेही तिकडेच बघत होते, अशी माझी खात्री आहे.

"मूठ उघडा," वहिनी म्हणाल्या.

"गुप्त मतदान आहे."

"आमच्या मुठी उघडताना नव्हतं का गुप्त? उघडा म्हणते ना."

त्यांनी मूठ उघडली. पुढचा दात. आणि दाढ, घामाने चकाकत असलेली.

"अग्गोबाई!" वहिनी खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या ते थांबेचनात. "जगाशी भांडून आलात त्या खिळ्यासाठी, आणि स्वतःचं मत कोणाला, तर राजपुत्राला!"

"मी मान राखला," दातवाले म्हणाले. "जावयाचा मान. तुम्ही सगळे खिळ्याला देणारच होता, तर म्हटलं..."

"लपून टाकायच्या मतात कसला आलाय मान? कोणाला कळणार होतं ते?"

दातवाले स्टुलावर बसले. दाढ दोन बोटांत धरून त्यांनी ती उजेडात फिरवली, डॉक्टरांकडून परत आलेल्या कामात खोट शोधावी तशी.

"खरं सांगू का?" ते म्हणाले, आणि आवाज खाली आला होता. "वाटीत टाकायला मी दाढच उचलली होती. म्हटलं, टाकण्याआधी एकदा त्याचा मोसम डोळ्यांसमोर आणू. आणि काही येईचना. पेनल्ट्या आठवल्या, त्या तर आठवायच्या नव्हत्या. बाकी त्याने काय केलं? काही होऊ दिलं नाही. जे झालंच नाही ते आठवायचं कसं? आणि राजपुत्राचे गोल मात्र एकेक येऊन उभे राहिले. आपल्याच विरुद्ध मारलेले, लेकाचे! आणि काय मारले होते! मग हात आपोआप सुळ्याकडे गेला."

वहिनींचं हसू ओसरलं. मुलगी काही बोलणार होती, पण तिच्या आधी जावई बोलला. खेळाव्यतिरिक्त काही बोलताना तो नेहमी जमिनीकडे बघतो, तसाच बघत.

"मला आठवतात ना, बाबा. ते न झालेले गोल माझेच होते. तुमच्याशी सामना असला की मी आठवडाभर डोकं लावायचो, चेंडू त्या बाजूने नेऊन बघायचो, आणि खिळा तिथे उभा असायचाच. माझा राजपुत्र तुमच्याविरुद्ध जे काही करायचा ते दुसऱ्या बाजूने येऊन. मी खिळ्याला मत दिलं ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. मला त्याचा खरंच वैताग आला होता."

दातवाल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना फक्त उत्तम बसलेल्या कवळीकडे पाहताना पाहिलं आहे.

"मग फेरमतदान घेऊ," मुलगी घाईने म्हणाली. "आता सगळ्यांना कळलंय—"

"नाही," दातवाले म्हणाले. "निकाल म्हणजे निकाल. मीच फिरवला, मीच सोसणार." त्यांनी सगळ्यांच्या हातांतले दात गोळा करून डब्यात टाकले, सुळे सुळ्यांत, दाढा दाढांत. मग कोपऱ्यात जाऊन टॉवेल उचलला आणि झटकला. पांढऱ्या धुळीत क्षणभर ते स्वतःच दिसेनासे झाले. "आणि मी डोळे उघडे ठेवून जे केलं, तेच ते बिचारे नसलेले पत्रकार करतात. त्यांना एकट्यांना काय बोल लावायचा?"

संगणक कुरकुरत उठला. पडद्यावर खिळ्याचा निरोप होता. तो निवृत्त झाला आहे, पण बचाव शिकवणारा प्रशिक्षक म्हणून क्लबात राहायची त्याची इच्छा आहे. वहिनींनी कोणाला न विचारता होकाराचं बटण दाबलं. "राहू दे," त्या म्हणाल्या, "पण त्या पोरांना पेनल्टी शिकवायची नाही म्हणावं."

जावई पळतच गाडीतून आपला संगणक घेऊन आला. मुलीने पंखा मोठा केला आणि निर्धास्तपणे आत निघून गेली. नवीन मोसमाची पाटी झळकली. दातवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा नाकावर चढवला, घसा खाकरला आणि अत्यंत निरागस चेहऱ्याने विचारलं,

"काय हो जावईबापू, तो राजपुत्र विकायचा वगैरे काही विचार आहे का?"